खाजगी शाळेचे विश्वस्त: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे महाराष्ट्रातल्या विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या विश्वस्तांसाठी, होऊ घातलेल्या विश्वस्तांसाठी आणि फी भरणाऱ्या पालकांसाठी आहेत. अनुदानित शाळांना यातले बरेच लागू पडते, पण त्यांच्या वेतन-अनुदानाचे प्रश्न वेगळे आहेत, ते इथे घेतलेले नाहीत. मी स्वतः एका शिक्षणसंस्थेच्या कामात बरीच वर्षे आहे. त्यामुळे कायद्याच्या जोडीला काही ठिकाणी माझे मतही आले आहे.

शाळेचा मालक कोण?

कोणीच नाही. आपल्याकडे खाजगी शाळा बहुधा एखादी नोंदणीकृत संस्था चालवते. ही संस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली, म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे, नोंदवलेली असते. काही ठिकाणी नुसता न्यास असतो, तर काही नव्या शाळा नफा न वाटणाऱ्या कंपनीच्या असतात. जमीन, इमारत, बस, ठेवी हे सगळे संस्थेचे. विश्वस्त ते सांभाळतात, आणि तेही संस्थेच्या घटनेत, म्हणजे तिच्या नोंदवलेल्या नियमावलीत, लिहिलेल्या उद्दिष्टांसाठी.

‘संस्थाचालक’ या शब्दाला गावोगावी मालकीचा वास चिकटला आहे. ज्यांनी स्वतःची जमीन दिली, दारोदार फिरून वर्गणी गोळा केली, पहिली दोन वर्षे शिक्षकांचे पगार खिशातून केले, त्यांना शाळा आपली वाटणार यात नवल नाही. पण दान केले त्या दिवशी वस्तू आपली राहिली नाही. हे मनापासून पटलेला माणूसच चांगला विश्वस्त होतो, असे माझे ठाम मत आहे.

विश्वस्त मंडळ, शाळा समिती, पालक-शिक्षक संघ: नेमके कोण काय करते?

इथे पुष्कळ गोंधळ असतो, म्हणून जरा सविस्तर.

संस्थेची सर्वसाधारण सभा म्हणजे सगळे सभासद. ते कार्यकारिणी किंवा नियामक मंडळ निवडतात. नावे संस्थेगणिक बदलतात, पण कायद्याच्या नजरेत कारभाराची जबाबदारी ज्यांच्यावर, ते विश्वस्त. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, चिटणीस, खजिनदार हे त्यांच्यातलेच पदाधिकारी. शाळा काढायची की बंद करायची, नवी तुकडी कधी, इमारत कुठे, पैसा कसा उभा करायचा, हे निर्णय इथले.

शाळा समिती ही वेगळी गोष्ट. १९७७ चा खाजगी शाळा कर्मचारी अधिनियम, ज्याला शिक्षक मंडळी नुसते ‘एमईपीएस’ म्हणतात, आणि १९८१ ची नियमावली यांनी ती आणली. तीत संस्थेचे चार प्रतिनिधी, सेवाज्येष्ठतेनुसार आळीपाळीने येणारा एक कायम शिक्षक, आणि पदसिद्ध सचिव म्हणून मुख्याध्यापक असतात. नेमणुका आणि सेवेसंबंधीच्या बाबी या समितीपुढे यायला हव्यात. कित्येक शाळांत ती फक्त कागदावर असते, आणि सही घेण्यासाठी वही घरोघर फिरते. असे चालू देऊ नका. बडतर्फीचे प्रकरण शाळा न्यायाधिकरणात, म्हणजे शाळा कर्मचाऱ्यांची अपिले ऐकणाऱ्या न्यायासनापुढे, गेले की पहिला प्रश्न येतो तो समितीच्या बैठकीचा, आणि तिथे संस्था हरते.

पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने आली. तिचे काम मुख्यतः फीचे. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष, आणि पालक सदस्य सोडतीने निवडले जातात. सरकारी आणि अनुदानित शाळांत शिक्षण हक्क कायद्याखालची शाळा व्यवस्थापन समिती असते. विनाअनुदानित शाळांना त्या कायद्याचे ते कलम लागू नाही, तरी पालकांचे म्हणणे ऐकण्याची काही नियमित सोय हवीच.

विश्वस्तांनी रोजच्या कारभारात किती लक्ष घालावे?

फार कमी. धोरण, पैसा, मुख्याध्यापकाची निवड आणि त्याच्या कामाचा आढावा, मुलांची सुरक्षितता, कायद्याचे पालन: एवढे विश्वस्तांचे. वेळापत्रक, कोणता शिक्षक कोणत्या वर्गाला, कोणाला सहलीला न्यायचे, कोणत्या मुलाला कोणत्या तुकडीत घालायचे, हे मुख्याध्यापकांचे.

नियम सोपा वाटतो, तो मोडतो मात्र साध्यासुध्या प्रसंगांत. एका शिक्षिकेला तिसरीऐवजी सातवीचा वर्ग मिळाला. ती मुख्याध्यापकांकडे न जाता ओळखीच्या विश्वस्तांच्या घरी संध्याकाळी चहाला गेली. विश्वस्त भले गृहस्थ. त्यांनी फोन उचलला आणि म्हणाले, “मॅडम, जरा बघा ना, बाई नाराज आहेत.” मुख्याध्यापिकांनी वर्ग बदलून दिला. त्या दिवसापासून शिक्षकांच्या खोलीत सर्वांना कळले की निर्णय कुठे फिरवून मिळतो. पुढच्या वर्षी फोन करणारे एक राहिले नाहीत. बाईंची तक्रार खरीही असेल, पण तिचा रस्ता चुकला, आणि विश्वस्तांनी तो आपल्या घरून नेला.

अशा वेळी विश्वस्ताने एकच म्हणावे: “हे मुख्याध्यापकांशी बोला. त्यांच्याबद्दलच तक्रार असेल तर अध्यक्षांना लेखी द्या.” आणि खरोखर तिथेच थांबावे. प्रवेशासाठी ‘अमुक यांचा पाल्य, पहावे’ अशी चिठ्ठी पाठवण्याची जुनी रीत आहे, तीही याच कारणाने बंद व्हायला हवी. शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा पालकांची चाचणी घ्यायला मनाई आहे, सोडत किंवा उघड निकष हाच मार्ग. चिठ्ठी आली की सोडतीवरचा विश्वास गेला.

एकट्या विश्वस्ताला काहीच अधिकार नसतात, हेही ध्यानात ठेवायला हवे. अधिकार मंडळाला, ठरावाने. ठरावाने एखाद्याकडे काम सोपवले असेल तर तेवढ्यापुरता त्याला.

मुख्याध्यापक निवडण्याचा पूर्ण अधिकार आमचा असतो ना?

राज्य मंडळाच्या शाळेत नाही. १९८१ च्या नियमावलीप्रमाणे पात्रता आणि समाधानकारक सेवा असलेल्या सर्वांत ज्येष्ठ शिक्षकाला मुख्याध्यापकपद द्यावे लागते. अल्पसंख्याक संस्थांना यात जास्त मोकळीक आहे. ज्येष्ठाला डावलून ‘आपला माणूस’ बसवला की अपील ठरलेले, आणि दोन-चार वर्षे शाळेला स्थिर नेतृत्व मिळत नाही.

म्हणून शहाणे मंडळ दहा वर्षे पुढचे बघते. पुढच्या दोन मुख्याध्यापकपदांवर ज्येष्ठतेने कोण येणार हे आजच माहीत असते. त्यांना पर्यवेक्षक, उपमुख्याध्यापक म्हणून खरी जबाबदारी द्या, अंदाजपत्रक करायला बसवा, प्रशिक्षणाला पाठवा. निवृत्तीच्या दिवशी नारळ-शाल देऊन दुसऱ्या दिवशी किल्ल्या हातात ठेवायच्या, ही पद्धत नव्या मुख्याध्यापकावर अन्याय करणारी आहे.

नेमणूक झाल्यावर वर्षातून एकदा अध्यक्ष आणि आणखी एक-दोन विश्वस्तांनी मुख्याध्यापकांशी निवांत बसावे. वर्षाच्या सुरुवातीला ठरवलेल्या चार-पाच गोष्टींचे काय झाले, मंडळाकडून काय कमी पडले, हे बोलावे आणि लिहून ठेवावे. बहुतेक ठिकाणी हे होत नाही. मुख्याध्यापकांशी बोलणे होते ते काहीतरी बिघडल्यावरच.

पैशाच्या बाबतीत विश्वस्तांनी नेमके काय पाहायचे?

सगळ्या विश्वस्तांनी, फक्त खजिनदाराने नव्हे. “मला आकड्यांतले कळत नाही” असे म्हणून ताळेबंदावर सही करणे हा बचाव चालत नाही. निष्काळजीपणाने संस्थेचे नुकसान झाले तर ते विश्वस्तांकडून वैयक्तिक भरून घेण्याची तरतूद १९५० च्या कायद्यात आहे.

समजा शाळेत ६०० मुले आहेत आणि सरासरी फी ३०,००० रुपये. म्हणजे मागणी १ कोटी ८० लाखांची. पगार आणि भविष्यनिर्वाह निधी धरून ७० टक्के गेले, १ कोटी २६ लाख. महिन्याला साडेदहा लाख. आता दहा टक्के फी थकली की १८ लाखांचा खड्डा, म्हणजे जवळजवळ पावणेदोन महिन्यांचे पगार. २०२० साली हेच झाले. ज्या शाळांकडे तीन-चार महिन्यांच्या पगाराची गंगाजळी होती त्यांनी शिक्षक टिकवले, ज्यांच्याकडे नव्हती त्यांनी पगार कापले. तेव्हा मंडळापुढे दर तिमाहीला तीन आकडे यायलाच हवेत: फी किती जमली आणि किती थकली, पगाराचे किती महिने हातात आहेत, आणि अंदाजपत्रकापेक्षा खर्च कुठे सरकला. शिक्षण हक्क कायद्याने दुर्बल व वंचित घटकांतल्या मुलांसाठी राखलेल्या पंचवीस टक्के जागांची सरकारी प्रतिपूर्ती वर्षानुवर्षे उशिरा येते. ती वेळेवर येणार असे धरून अंदाजपत्रक बांधू नका.

गंगाजळी ठेवण्याचीही रीत आहे. आयकराची सूट टिकवायची तर वर्षाच्या उत्पन्नातला ८५ टक्के भाग उद्दिष्टांसाठी खर्च व्हावा लागतो. उरलेला १५ टक्के साठवता येतो, त्याहून जास्त साठवायचे तर हेतू आणि मुदत ठरवून तसे कळवावे लागते. ठेवी कायद्यात सांगितलेल्या ठिकाणीच ठेवायच्या. दीड टक्का जास्त व्याज मिळते म्हणून कोणाच्या तरी ओळखीच्या पतसंस्थेत शाळेचा पैसा टाकणे हा सरळसरळ विश्वासघात आहे, पैसे परत मिळोत वा न मिळोत.

शाळेला नफा कमावता येतो का?

वाजवी शिल्लक राहू शकते, नफेखोरी करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २००२ मध्ये टी. एम. ए. पै प्रकरणात विनाअनुदानित संस्थांना कारभाराची आणि फी ठरवण्याची बरीच स्वायत्तता दिली, आणि त्याच निकालात कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी ठरलेल्या फीपलीकडे घेतलेली रक्कम, आणि नफेखोरी निषिद्ध ठरवली. शिल्लक शाळेच्या वाढीसाठी वापरायची. २०२२ मध्ये न्यू नोबल एज्युकेशनल सोसायटीच्या प्रकरणात न्यायालयाने आयकराच्या सवलतीसाठी आणखी कडक भूमिका घेतली: ज्या संस्थेचे उद्दिष्ट फक्त शिक्षण आहे, तिलाच शैक्षणिक संस्था म्हणून ती सूट. ज्यांच्या घटनेत शिक्षणाबरोबर इतर दहा उद्दिष्टे लिहिली आहेत त्यांनी आपल्या सनदी लेखापालांशी यावर बोललेच पाहिजे.

फी विश्वस्त ठरवतात की पालक?

व्यवस्थापन प्रस्ताव देते, तोही पुढचे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी. पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती त्यावर निर्णय घेते. मतभेद मिटला नाही तर प्रकरण विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाते. ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षांसाठी असते.

वाद पेटतो तो बहुधा कागद न दाखवल्याने. जून उजाडल्यावर पालकांच्या मोबाइलवर फीचा आकडा येतो आणि फाटकाशी गर्दी होते. समितीत सोडतीने आलेल्या पालकांपुढे पगाराची बेरीज, वीजबिल, दुरुस्ती, बसचा खर्च मांडून बघा. त्यांच्यात कोणी बँकेत असतो, कोणी दुकान चालवतो, हिशेब त्यांना कळतो. ते प्रश्न विचारतील, एखादा खर्च खोडूनही टाकतील, पण आपण मान्य केलेला आकडा तेच इतर पालकांना समजावतात.

इमारत निधी म्हणून प्रवेशाच्या वेळी देणगी घेतली तर?

१९८७ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने कॅपिटेशन फी घेणे हा गुन्हा आहे, आणि शिक्षण हक्क कायद्यातही त्याला दंड आहे. पावती दिली, ‘ऐच्छिक’ असा शिक्का मारला, तरी प्रवेशाशी जोडलेली रक्कम कॅपिटेशन फीच राहते. माजी विद्यार्थ्यांकडून, उद्योगांकडून, गावकऱ्यांकडून उघडपणे देणगी मागा. त्यात कमीपणा काही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था लोकांनी दिलेल्या धान्यावर आणि वर्गणीवरच वाढली.

विश्वस्ताला मानधन, किंवा त्याच्या दुकानातून खरेदी?

विश्वस्तपद सेवेचे. बैठकीचा प्रवासखर्च घेणे वेगळे आणि दरमहा रक्कम उचलणे वेगळे. संस्थेच्या पैशातून विश्वस्ताने स्वतः कर्ज घेणे कायद्याने बंद आहे. विश्वस्ताच्या मेव्हण्याचे गणवेशाचे दुकान, मुलाची बांधकाम कंपनी, सुनेची नेमणूक: प्रत्येक बाबतीत संबंध आधी जाहीर करावा, त्या विषयावेळी विश्वस्ताने बाहेर बसावे, निदान तीन दरपत्रके घ्यावीत आणि हे सगळे इतिवृत्तात यावे. आयकर खाते हितसंबंधी व्यक्तींना दिलेल्या रकमा वेगळ्याने तपासते आणि बाजारभावापेक्षा जास्त दिले तर सूट जाऊ शकते.

खरे तर माझा सल्ला याहून सरळ आहे. ज्याला शाळेशी धंदा करायचा आहे त्याने विश्वस्त होऊ नये.

जमीन विकायची किंवा मैदान भाड्याने द्यायचे आहे. ठराव पुरेसा आहे का?

नाही. १९५० च्या कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे स्थावर मालमत्तेची विक्री, अदलाबदल, बक्षीस यांना धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची असली तरी हेच. जमीन सरकारकडून किंवा सिडको-म्हाडाकडून मिळाली असेल तर वाटपपत्रातल्या अटी निराळ्या वाचा. शहरात मैदानाचा भाव आज डोळे दिपवणारा असतो. पण एकदा गेलेले मैदान पुन्हा मिळत नाही, आणि मुलांना धावायला जागा हवी हे उद्दिष्टपत्रात लिहिलेले नसले तरी शाळा म्हणजे तेच आहे.

मुलांच्या सुरक्षिततेबाबत विश्वस्तांवर वैयक्तिक जबाबदारी येते का?

येते. पॉक्सो कायद्याच्या, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे लैंगिक गुन्ह्याची माहिती असणाऱ्या कोणीही पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. आपल्या हाताखालच्या माणसाबद्दलचा गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही तर कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणात संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवरही न कळवल्याबद्दल गुन्हा दाखल झाला.

‘शाळेचे नाव खराब होईल’ हे वाक्य मंडळाच्या बैठकीत कोणी उच्चारले तर अध्यक्षांनी तिथल्या तिथे थांबवावे. आधी अंतर्गत चौकशी करू, मग बघू, असाही मार्ग नाही. कळवायचे, आणि लगेच.

त्याआधीचे काम वर्षभराचे. कंत्राटदाराकडून आलेल्या सफाई कामगारांपासून बसच्या चालकांपर्यंत सगळ्यांची पोलीस पडताळणी. लहान मुलींच्या स्वच्छतागृहाकडे महिला कर्मचारीच. कॅमेरे चालू आहेत का आणि चित्रण किती दिवस टिकते. तक्रारपेटी कोण उघडतो आणि कधी. विश्वस्तांनी यादीवर खूण करून थांबू नये. मधल्या सुट्टीत एकदा जाऊन स्वच्छतागृहाचा बोळ स्वतः चालून पाहावा, तिथे दिवा आहे का, दाराला कडी आहे का, कोण उभे असते. रोजच्या कारभारात पडू नये असे वर म्हटले, हा त्याला अपवाद.

महिला कर्मचाऱ्यांसाठी २०१३ च्या कायद्याखालची अंतर्गत समिती, दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे, असलीच पाहिजे.

शिक्षकाला काढायचे असेल तर?

कायम शिक्षकाला चौकशीशिवाय काढता येत नाही. आरोपपत्र, त्याचे उत्तर, मग तीन जणांची चौकशी समिती: एक व्यवस्थापनाचा, एक कर्मचाऱ्याने सुचवलेला, एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांतला. ही पायरी चुकली तर शाळा न्यायाधिकरण कर्मचाऱ्याला मागील पगारासह परत घ्यायला सांगू शकते. परिवीक्षा (प्रोबेशन) काळातल्या शिक्षकाचे काम पटत नसेल तर ते वेळेत, लेखी सांगा. मुदत संपण्याच्या आठवड्यात जाग येते तेव्हा उशीर झालेला असतो.

विश्वस्तांत दोन गट पडले तर?

दोन गट धर्मादाय कार्यालयात दोन बदल अर्ज, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद करण्याचे अर्ज, दाखल करतात, दोन अध्यक्ष होतात, बँक खाते गोठवते, आणि शिक्षकांचे पगार अडतात. मतभेद असणे वाईट नाही. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सदस्यांनी बाहेरची कामे घ्यावीत का, त्यांचे वेतन कसे असावे, यांवर तीव्र मतभेद झाले आणि १८९० मध्ये टिळक बाहेर पडले. पण वाद तत्त्वाचा होता, मांडलेला होता, आणि शाळा-कॉलेज चालू राहिले.

आज भांडण लागते ते बहुधा सभासद यादीवरून आणि वारसावरून. घटनेत मुदत, निवृत्तीचे वय, नवे सभासद कसे घ्यायचे हे स्पष्ट लिहून घटनादुरुस्ती मंजूर करून घ्या, आणि ती सगळे गोडीत असताना करा. मुलगा किंवा मुलगी लायक असेल तर येऊ दे, पण निवडून.

चांगले इतिवृत्त कसे असते?

‘फीवाढीस सर्वानुमते मंजुरी देण्यात आली’ हे वाईट. कोणते कागद समोर होते, किती टक्के आणि का, कोणी काय शंका काढली, विरोध कोणाचा, पुढची कारवाई कोणाकडे आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे आले की चांगले. विरोध केला असेल तर तो नोंदवून घेण्याचा आग्रह धरा. पाच वर्षांनी चौकशी आली की तुमच्या बाजूने बोलणारा तो एकच कागद असतो.

पालकाला संस्थेची माहिती मिळू शकते का?

हो. विश्वस्तांची नावे, मालमत्ता, घटना हे परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदपत्रकावर, नोंदलेले असते. लेखापरीक्षित हिशेबही धर्मादाय कार्यालयात दाखल करावे लागतात. अर्ज आणि शुल्क भरून प्रती मिळतात. गंभीर गैरव्यवहार दिसला तर हितसंबंध असलेल्या व्यक्ती तक्रार करू शकतात, आणि १९५० च्या कायद्याच्या कलम ४१ डी खाली विश्वस्ताला निलंबित किंवा दूर करता येते. ज्या संस्था हे सगळे स्वतःहून फलकावर लावतात, त्यांना असे अर्ज क्वचितच येतात.

मला विश्वस्त व्हा म्हणून बोलावले आहे. होकार देण्याआधी काय बघू?

घटना, परिशिष्ट एकचा उतारा, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, मागच्या वर्षाची इतिवृत्त वही, चालू खटल्यांची यादी, भविष्यनिर्वाह निधी भरल्याच्या पावत्या, शाळा मान्यतेचे पत्र आणि अग्निशमन दाखला. कागद दाखवायला टाळाटाळ झाली तर नम्रपणे नकार द्या. नुसते ‘तुमचे नाव हवे आहे’ म्हणाले तरीही. महिन्यातले दोन दिवस देता येणार नसतील तर सल्लागार म्हणून मदत करा, विश्वस्त होऊ नका.

राजीनामा दिला की जबाबदारी संपते का?

आपोआप नाही. राजीनामा मंडळापुढे येऊन मंजूर व्हावा लागतो आणि बदल नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. कित्येकांनी राजीनामा चिटणीसांच्या हातात दिला, तो टेबलाच्या खणात राहिला, आणि परिशिष्ट एकवर नाव तसेच राहिल्याने पुढच्या काळातल्या गैरव्यवहाराची नोटीस त्यांच्या घरी आली. पोच घ्या, बदल अर्जाचा क्रमांक मागून घ्या, एक प्रत स्वतःही कार्यालयात द्या, आणि बँकेला सहीचा अधिकार रद्द करण्याचे पत्र त्याच दिवशी द्या. तुमच्या कारकिर्दीतल्या निर्णयांची जबाबदारी मात्र राजीनाम्यानंतरही तुमचीच राहते, म्हणून इतिवृत्तांच्या आणि हिशेबांच्या प्रती घरी नीट ठेवा.